बांबोळीच्या खेपा आणि गावातले २६ तास: मुलांच्या स्थूलतेसाठी सत्तरीसारख्या भागात काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत वजन वाढलेली मुले दरवर्षी जास्त दिसू लागली आहेत. शिक्षक-पालक संघाने पालकांच्या कानावर घातले. काहींनी राग मानला, काहींनी मुलाला एकदा पणजीजवळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेऊन आणले आणि विषय तिथेच संपला. आता संघ, पंचायत आणि आरोग्य केंद्र यांनी मिळून नेमके काय करावे?

आधी विषय एका खेपेत का संपतो ते पाहू. वाळपईहून पणजी, तिथे बस बदलून बांबोळी, मग केसपेपर, रांग आणि डॉक्टरांसमोर दहा मिनिटे. ओपीडी सकाळची आणि शाळाही सकाळची, म्हणजे मुलाची शाळा बुडते आणि आईची रोजी. समजा एखादे कुटुंब दर महिन्याला नेटाने गेले, तरी वर्षाचे दोन तास भरतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार खाण्याच्या आणि हालचालीच्या सवयी बदलायच्या, तर ३ ते १२ महिन्यांत मूल आणि पालक दोघांबरोबर किमान २६ तास काम व्हावे लागते. बांबोळीत हे तास भरणे ना कुटुंबाला जमेल ना तिथल्या डॉक्टरांना. ते गावातच भरायला हवेत. मोठे इस्पितळ थोड्याच मुलांना लागते, आणि ती मुले कोणती हे ओळखण्याची जबाबदारी प्राथमिक किंवा सामूहिक आरोग्य केंद्राने घ्यायची आहे.

सरकारी यंत्रणेत ही मुले कुठे निसटतात हेही संघाने नीट समजून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे अशी रचना आहे. पण कार्यक्रमाच्या मूळ ३० स्थितींच्या यादीत तीव्र कुपोषण आहे, स्थूलता नाही. त्यामुळे वजन-उंची लिहिली गेली तरी स्थूल मुलाला पुढे पाठवण्याची वाट आपोआप उघडत नाही. मधुमेह-रक्तदाबाची गावोगावची तपासणी ३० वर्षांपुढच्यांसाठी आहे. त्यात गोव्यात आशा सेविका नाहीत, म्हणजे इतर राज्यांत घरोघर जाणारा जो माणूस असतो तो इथे नाही. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विमा योजना इस्पितळातल्या ठरावीक उपचारांसाठी आहे, सवयी बदलण्याच्या बैठकींसाठी नाही. थोडक्यात, सहा ते अठरा वर्षांच्या स्थूल मुलाला हाताला धरून पुढे नेणारे कोणी नेमलेले नाही. ते काम शाळेने हाती घेतले तरच होते.

सुरुवात मोजण्यापासून करावी, कारण इथली चूक पुढे सगळीकडे पोहोचते. दोन वस्तू लागतात: १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि भिंतीला लावायची उंचीपट्टी, जिच्यावर डोक्यावर टेकणारी सरकती फळी असते. शिंप्याची टेप भिंतीला चिकटवून डोक्यावर वही ठेवली की एक-दोन सेंटीमीटर सहज चुकतात. मुलाने बूट-मोजे काढावेत, खिसे रिकामे करावेत, मुलींनी अंबाडा सोडावा. टाचा, पार्श्वभाग आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोळ्याची खालची कड आणि कानाचे भोक एका रेषेत आले की डोके सरळ आहे. उंची दोनदा घ्यावी. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा फरक आला तर तिसऱ्यांदा. काटा टणक फरशीवर ठेवावा, चटईवर नको. रोज सकाळी त्यावर पाच किलोची सीलबंद तांदळाची पिशवी ठेवून पाहावी. आकडा कालच्यापेक्षा हलला तर त्या दिवशी मोजणी थांबवावी.

हा काटेकोरपणा कशासाठी, तर एक उदाहरण. नऊ वर्षांचा मुलगा, वजन ३६ किलो, उंची १३२ सेंमी. बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग: ३६ भागिले १.३२ चा वर्ग, येतो २०.७. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ पूर्ण झालेल्या मुलासाठी +१ एसडीची रेषा (एसडी म्हणजे मधल्या आकड्यापासूनचे प्रमाणित अंतर) १७.९ वर आणि +२ एसडीची २०.५ वर आहे. म्हणजे हा मुलगा स्थूल गटात येतो. त्यालाच बूट घालून उभे केले, उंची १३४ लिहिली गेली, की बीएमआय २०.० होतो आणि मुलगा यादीतून गळतो. पाच वर्षांवरच्या मुलांत +१ एसडीच्या वर वजन जास्त आणि +२ एसडीच्या वर स्थूलता, असे हे गणित आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्तेही वापरता येतात. त्यांच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवलेल्या आहेत. तक्ता कोणताही घ्या, पण दरवर्षी तोच घ्या. मोठ्यांचा २५ आणि ३० चा नियम मुलांना लावू नये. शाळांत होणारी ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि तिच्यामुळे बहुतेक स्थूल मुले ‘नॉर्मल’ ठरतात.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर सुतळी पुरते. मुलाच्या उंचीइतकी सुतळी कापून दुहेरी दुमडावी आणि बेंबीच्या जरा वर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर गुंडाळावी. टोके जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त आहे. पोटावरची चरबी वाढल्याची ती साधी खूण.

मोजणी एकेकाला आत बोलावून, पडद्याआड करावी. काट्याचा आकडा मोठ्याने वाचू नये. मुले बाहेर येऊन एकमेकांना आकडा विचारतात, म्हणून मुलालाही तो तिथे सांगू नये. वर्गशिक्षकाने यादी स्टाफरूममध्ये लावली की वर्षभराचे काम त्या दिवशीच बुडाले असे समजावे. ज्यांच्यासाठी धडपड करायची तीच मुले पुढच्या वेळी घरी बसतात. पालकांना बंद पाकिटात पत्र द्यावे, तेही मुलाच्या दप्तरातून न पाठवता हातात. मजकूर असा पुरे: ‘यंदाच्या मोजणीत आपल्या मुलाचे वजन उंचीच्या मानाने जास्त भरले आहे. यावरून आजार ठरत नाही. अमुक शनिवारी आरोग्य केंद्रात डॉक्टर फक्त शाळेच्या मुलांसाठी बसणार आहेत. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने सोबत यावे.’ ‘लठ्ठ’, ‘जाड’ हे शब्द पत्रात नकोत, बोलण्यातही नकोत. आणि पुढची सोय लावल्याशिवाय पत्र पाठवूच नये. कॅलिफोर्नियातल्या शाळांत झालेल्या मोठ्या चाचणीत नुसता बीएमआय घरी कळवून मुलांच्या वजनात काहीच फरक पडला नाही, उलट आपल्या शरीराबद्दलची नाराजी वाढली.

आरोग्य केंद्रातल्या त्या शनिवारी मुलामागे पंधरा मिनिटे लागतात. रक्तदाब मुलांच्या पट्ट्याने घ्यावा. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी आणि लांबीने तो घेराचा किमान ८० टक्के भाग वेढायला हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटा जास्त दिसतो आणि घरातले विनाकारण घाबरतात. मग प्रश्न विचारावेत: रात्री घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, गुडघा किंवा मांडी दुखते का, मुलीची पाळी नियमित आहे का, स्टिरॉइड किंवा फिटचे औषध चालू आहे का. नंतर मान पाहावी. मानेच्या मागे आणि काखेत काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी दिसली, तर शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते. बऱ्याच घरांत तो मळ समजून आई अंघोळीला दगडाने किंवा काथ्याने घासत असते आणि मूल रोज ओरडा खात असते. ‘हा मळ नव्हे, घासू नका’ हे एक वाक्य त्या मुलाचा रोजचा त्रास थांबवते आणि पुढचे सगळे बोलणे सोपे करते.

स्थूल मूल दहा वर्षांचे झाले किंवा वयात येऊ लागले की उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी), लिपिड म्हणजे रक्तातली चरबी आणि एएलटी हे यकृताचे एन्झाइम एकदा तपासावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी. एएलटीबाबत सावध राहा. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर ४० पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेले असते. मुलांच्या यकृततज्ज्ञांची वरची मर्यादा मुलींत २२ आणि मुलांत २६ आहे. याच्या दुपटीवर आकडा तीन महिने टिकला तर यकृतावरच्या चरबीचा तपास मोठ्या इस्पितळात करावा.

बांबोळीला किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात कोणाला पाठवायचे, याचा ढोबळ नियम सांगतो. जास्त खाण्याने वजन वाढलेले मूल बहुधा वर्गात उंचही असते. जाड पण बुटके, आणि उंची वाढायची थांबलेली, अशा मुलात थायरॉइड किंवा दुसरी ग्रंथी तपासायलाच हवी. पाच वर्षांच्या आतच प्रचंड वजन आणि न शमणारी भूक, किंवा बोलणे-चालणे उशिरा आलेले, तर आनुवंशिक कारण शोधावे लागते. घोरताना श्वास थांबणे, वारंवार चढा रक्तदाब, मधुमेहाच्या पातळीची साखर, सततची डोकेदुखी आणि अंधुक दिसणे, ही मुलेही तिकडेच. दोन गोष्टींना मात्र शनिवारची वाट पाहायची नाही. स्थूल मूल लंगडू लागले, जांघ किंवा गुडघा दुखतो म्हणाले, तर खुब्याच्या हाडाचे डोके सरकलेले असू शकते. त्याला चालवू नये, त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढावा. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे काढून परत पाठवणे, इथे हे निदान हुकते. दुसरी गोष्ट, फार तहान, फार लघवी आणि अचानक उतरणारे वजन: त्याच दिवशी साखर तपासावी. औषधांचा निर्णयही तज्ज्ञांचाच. जाहिरातीतली वजन उतरवणारी पावडर मुलाला कधीही देऊ नये.

बाकीच्या मुलांसाठी, म्हणजे बहुतेकांसाठी, गावातले २६ तास. यांची मांडणी अशी जमते: पहिले १२ आठवडे दर आठवड्याला दीड तास, म्हणजे १८ तास, पुढे पंधरवड्याला एक तास अशा आठ बैठका. साधारण सात महिने लागतात. गटात १० ते १२ कुटुंबे, त्याहून जास्त नकोत. जागा शाळेची, पंचायत सभागृहाची किंवा देवळाच्या सभामंडपाची. वेळ रविवारी सकाळी किंवा शनिवारी संध्याकाळी, सकाळच्या ओपीडीची नव्हे. सुरुवात दिवाळीनंतर करावी. जूनमध्ये सुरू केलेले गट पावसात आणि मग चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, विस्कळीत होतात. नोव्हेंबरात सुरू झाले की दर आठवड्याच्या बैठका फेब्रुवारीपर्यंत उरकतात, परीक्षेच्या दिवसांत पंधरवड्याचा ताल चालतो. ग्रामसभा रविवारी भरते, तिथे सभागृह विनाभाडे आणि मैदानाचे दिवे आठपर्यंत चालू, एवढे दोन ठराव मंजूर करून घ्यावेत. चालवायला एक प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ आणि एक शारीरिक शिक्षणाचे शिक्षक पुरतात. डॉक्टर महिन्यातून एकदा.

दीड तासातली ४० मिनिटे खेळ, ३० मिनिटे स्वयंपाकघर, उरलेल्या वेळात प्रत्येक घराचे एकच ठरलेले काम. खेळाच्या बाबतीत शिक्षकांना एक विनंती आहे. फुटबॉलमध्ये जाड मुलाला हमखास गोलकीपर करतात आणि ते मूल तासभर उभे राहते. त्याऐवजी लहान मैदानात चार-चार जणांचे संघ, गोलकीपर नाहीच. लगोरी, लंगडी, खो-खो, मुलींची फुगडी; पावसात सभागृहात गोफ. श्वास लागला पाहिजे, पण बोलता आले पाहिजे, एवढा जोर पुरे. मांड्या घासून सोलवटतात हे मुले लाजून सांगत नाहीत, खेळायला येणे बंद करतात. मांडीपर्यंत येणारी सुती चड्डी आतून घालायला सुचवावी. ध्येय रोज ६० मिनिटांचे, पण पहिल्या आठवड्यात १५ झाली तरी पुष्कळ.

स्वयंपाकघरात पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी बदलाव्यात: पेय, पाच वाजताचे खाणे आणि रात्रीचे दुसऱ्यांदा वाढणे. शीत-हुमणाला, म्हणजे भात आणि माशाच्या आमटीला, दोष देऊ नये. बांगडा, तारले, कुळीथ, अळसांदे, मुगागाठी, तांबडी भाजी हे सगळे मुलाच्या बाजूचेच आहे. खोबरे बंद करा, भात बंद करा असे सांगितले की आजी पुढच्या बैठकीला येत नाही, आणि घरात वाढणारी बहुधा आजीच असते.

पेयाचा धडा मुलाच्याच हातून व्हावा. कोलाच्या १०० मिलीत साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅम. मुलाने रिकाम्या पेल्यात सहा सपाट चमचे साखर स्वतः मोजून घालावी आणि पेला टेबलावर ठेवावा. मग हिशोब: साधारण १६०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेने दिवसभरात वरची साखर जास्तीत जास्त ४० ग्रॅम, शक्यतो २० च्या आत. एका बाटलीत दोन तृतीयांश संपली. पालकांना पाकिटावरचा ‘१०० मिलीत’ हा रकाना वाचून बाटलीच्या मापाने गुणायला शिकवावे. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचेही तसेच. बदली पाणी, शहाळे, बिनसाखरेची सोलकढी किंवा ताक.

पाच वाजताचे खाणे हा कळीचा मुद्दा आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत स्वयंसहाय्य गटाचा भाजी-पाव, घरी आल्यावर दीड-दोनला पूर्ण जेवण, मग ट्यूशनला जाताना गाड्यावरचा समोसा किंवा बन्स. शाळेतल्या खाण्याला घरात जेवण म्हणून कोणी मोजतच नाही. सरकारी निकषाने प्राथमिक शाळेतला आहार ४५० कॅलरींचा असतो. ते खाऊन आलेल्या मुलाला दुपारी एक मूद भात, आमटी किंवा हुमण आणि भाजी पुरे. शाळेतला आहार बंद करू नये, घरचे ताट लहान करावे. पाचला उकडलेले अंडे, मूठभर शेंगदाणे, घावणे, नाचणीची आंबील किंवा एक फळ. पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडा या मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई घ्यावी, पण पोईत कोंडा खरोखर मिसळलेला आहे की वरून भुरभुरला आहे हे विचारून घ्यावे. रात्री टीव्ही-मोबाइल बंद करून जेवावे, एकदाच वाढून घ्यावे, अजून भूक असेल तर भाजी किंवा आमटी. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) पानात वाढाव्यात. डबा मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नये. झोपेकडेही लक्ष द्या: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास हवेत, आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणारे मूल दुसऱ्या दिवशी जास्त खाते.

शाळेच्या फाटकाबाहेरही थोडे काम आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. गाडेवाल्याशी भांडण करून काही साधत नाही, त्याचेही पोट त्यावर असते. त्याला उकडलेले चणे, मक्याचे कणीस, पेरू-काकडी ठेवायला सांगावे आणि संघाने शाळेच्या कार्यक्रमांचे खाणे त्याच्याकडूनच घ्यावे. वर्गात वाढदिवसाला चॉकलेट वाटणे बंद करायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही.

अंगणवाडीबद्दल थोडेच. पाच वर्षांखाली बीएमआयऐवजी उंचीनुसार वजन पाहावे; +२ एसडीच्या वर जास्त वजन, +३ च्या वर स्थूलता. सेविकेची नजर कमी वजनाच्या मुलांवर असते आणि ते योग्यच आहे, पण गुबगुबीत बाळाचे कौतुक करून तक्ता मिटू नये. वयाच्या मानाने खुंटलेले मूल उंचीच्या मानाने जाड असू शकते. अशा मुलाचे खाणे कमी करायचे नसते, बदलायचे असते: साखर-बिस्किटे कमी, डाळ-अंडी-मासे जास्त.

गळती तिसऱ्या-चौथ्या बैठकीला सुरू होते, आणि तिचे कारण बहुधा वजन न उतरणे हेच असते. म्हणून पहिल्याच दिवशी पालकांना सांगावे की वाढत्या वयातल्या मुलाचे वजन उतरले नाही तरी चालते, थांबले तरी पुष्कळ. नऊ वर्षांचा मुलगा, ३८ किलो, १३२ सेंमी: बीएमआय २१.८, स्थूल. वर्षभरात वजन तेवढेच राहिले आणि उंची १३७.५ झाली, तर बीएमआय २०.१. दहाव्या वर्षी +२ एसडीची रेषा २१.४ वर असते, म्हणजे एक किलोही न उतरता मूल स्थूल गटातून बाहेर पडले. हे गणित पालकांसमोर कागदावर करून दाखवावे. गटात वजन महिन्यातून एकदाच घ्यावे, दर आठवड्याला नको. बैठक चुकली की दोन दिवसांत फोन जावा, आणि तो रागावण्याचा नसावा: ‘ताई, रविवारी दिसला नाहीत, पुढच्या वेळी येताना बाबूला खेळाचे कपडे घाला’ एवढेच. वडील आखातात किंवा बोटीवर असतील तर त्यांना व्हिडिओ कॉलवर एकदा तरी सामील करून घ्यावे, कारण सुट्टीवर येताना चॉकलेटांची बॅग तेच आणतात.

सात महिने संपल्यावर तीन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. त्याच काट्यावर, त्याच पट्टीवर. नोंदवही शाळेत कुलपात आणि तिची एक प्रत आरोग्य केंद्रात. मूल पाचवीला दुसऱ्या शाळेत गेले तर पालकांच्या परवानगीने ते पान तिकडच्या मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात पोहोचवावे. मूल पुन्हा निसटते ते बहुधा याच बदलात.